झोंडी मास्तरांची आर्द्रता

हवेतल्या दमटपणाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावं, ही गोष्ट झोंडी मास्तरांना सहन होण्यासारखी नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी डर्बनमध्ये भूगोल शिकवला होता. दवबिंदू, बाष्पीभवन, सापेक्ष आर्द्रता या तीन शब्दांच्या जोरावर त्यांनी दुपारच्या तासाला हजारो मुलांना गाढ झोपवलं होतं. त्यामुळे रोपांचं सामान विकणाऱ्या, दंडावर मगर गोंदवलेल्या दुकानदार बाईने एक छापील तक्ता पुढे सरकवून "काका, सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?" असं विचारलं, तेव्हा मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बाई," ते म्हणाले, "ती मला ओळखते."

तक्ता साधा होता. रोप तान्हं असताना हवेत सत्तर टक्के दमटपणा हवा. वाढीला लागलं की साठ. फुलोरा आला की पंचेचाळीस, आणि शेवटचे दोन आठवडे चाळीस. पुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं की फुलोऱ्यात दमटपणा वाढला तर बुरशी येते आणि सगळं मुसळ केरात जातं. मास्तरांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली. घरात रोपं वाढवायचा कपाटाएवढा तंबू, दिवा, पंखा आणि दमटपणा मोजायचं घड्याळाएवढं यंत्र घेऊन ते बाहेर पडले, ते मान जरा खाली घालूनच. कारण झाड होतं गांजाचं, आणि याच मास्तरांनी एकतीस वर्षं पोरांच्या खिशातून गांजाच्या पुड्या जप्त केल्या होत्या. आता कायदाच बदलला होता. मोठ्या माणसाने आपल्या घरात, आपल्यापुरती झाडं लावायला हरकत उरली नव्हती. पण शरीराला मात्र जुनी सवय असते. वाटेत दोन माजी विद्यार्थी भेटले, तेव्हा मास्तरांनी "तंबू आहे, सहलीला जातोय" असं कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

हा सगळा खटाटोप सासूबाईंच्या बोटांसाठी होता. सासूबाई म्सिंगाच्या. त्या खोऱ्यात त्यांच्यासारखी लव्हाळ्याची चटई विणणारी दुसरी बाई नव्हती. चारही मुलींच्या लग्नात सासरच्यांना द्यायच्या चटया त्यांनी स्वतः विणल्या होत्या. आता जुलैत नात उजवायची होती, म्हणजे मास्तरांची एकुलती एक नोमसेबो. तिच्या सासूसाठीची चटई सासूबाईंनी विणायला घेतली आणि निम्म्यावर आली असताना बोटं आखडली. सकाळी कपाचा कानही धरता येईना. बायको त्यांना डर्बनला घेऊन आली. बरोबर ती अर्धी चटई गुंडाळून आली आणि बैठकीच्या कोपऱ्यात उभी राहिली. सासूबाई तिच्याकडे बघत नसत, यावरूनच कळायचं की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

शेजारच्या मिसेस पडायाचींनी उपाय सुचवला. "खोबरेल तेलात गांजा मंद आचेवर उकळायचा, मेण घालायचं आणि चोळायचं. माझ्या आतेसासूची बोटं अशी सुटली, अशी सुटली, की मरेपर्यंत पत्त्यांत कोणाला जिंकू दिलं नाही तिने!"

"बाजारातून मलम आणूया की," बायको म्हणाली. तिला सगळे मामचुनू म्हणत, म्हणजे मचुनूंची लेक.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी स्वतः पिकवणार."

यामागे एक जुनी गोष्ट होती. चोविसाव्या वर्षी मास्तर पहिल्या नोकरीवर म्सिंगाला गेले आणि विषमज्वराने आडवे झाले. दोन महिने रोज सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर झाकलेलं दह्याचं भांडं असायचं. ठेवणारी बाई कधी दिसली नाही. ती कोण हे कळेपर्यंत तिच्या मुलीशी लग्न ठरलं होतं आणि तोंड बंद झालं होतं. झुलू रीतच तशी: जावयाने सासूशी थेट बोलायचं नाही, तिच्याकडे निरखून बघायचं नाही, तिच्यासमोर जेवायचं तर नाहीच. सासूनेही जावई दिसला की शाल डोक्यावर ओढून तोंड फिरवायचं. हल्लीची पोरं हे फारसं पाळत नाहीत. मास्तर पाळत, कारण ते मास्तर होते. सासूबाई पाळत, कारण त्या म्सिंगाच्या होत्या. आभार मानायचे राहिले ते चौतीस वर्षं राहिलेच होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तंबू मावेल अशी एकच जागा होती, सासूबाईंच्या खोलीला लागून असलेला बोळ. त्यांचं दार उघडं आणि खुर्ची दारात. त्यामुळे तंबूकडे जाताना मास्तर आधी खोकायचे. मग आतून शालीची सळसळ व्हायची, खुर्ची भिंतीकडे वळायची, आणि मग मास्तर पुढे व्हायचे. तंबूला दिवसातून बारा वेळा भेट द्यायची म्हणजे येताजाता धरून चोवीस वेळा खोकायचं. चौथ्या दिवशी मिसेस पडायाची मिरी घातलेलं सार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, छातीचा फोटो काढून घ्या हो. लाजू नका. माझा नवरासुद्धा आधी लाजला होता."

तीन रोपं उगवली. मास्तरांनी त्यांना हजेरीपटावर घेतलं. क्रमांक एक, दोन आणि तीन. क्रमांक दोन सर्वांत उंच, म्हणून तो वर्गप्रमुख. दर दोन तासांनी दमटपणाची नोंद होऊ लागली.

पहिल्याच आठवड्यात अडचण आली ती उलटीच. डर्बनच्या हवेत नुसता हात फिरवला तरी ओला होतो, पण दिव्याच्या उष्णतेने तंबूत दमटपणा चाळीसवर उतरला. तान्ह्या रोपांना सत्तर हवा. मास्तरांनी तंबूत ओले टॉवेल टांगले. हे टॉवेल नोमसेबोच्या सासरच्या मंडळींसाठी राखून ठेवलेले होते, ही माहिती मामचुनूने नंतर पुरवली, आणि शांतपणे नाही पुरवली. मग मास्तर फवारा मारू लागले. मग वाफाऱ्याचं यंत्र आणलं. घड्याळाने सत्तर दाखवलं, ऐंशी दाखवलं, मास्तरांचा ऊर भरून आला.

दारातून आवाज आला. सासूबाई भिंतीशी बोलत होत्या. "आमच्याकडे इतकं पाणी कोणी रोपाला घातलं नसतं. मुळं गुदमरतात."

मास्तरांनी ऐकलं. पण ते भिंतीला सांगितलेलं होतं. दुसऱ्याला सांगितलेलं ऐकून त्यावर वागणं म्हणजे दाराआडून कान लावण्यासारखं झालं असतं. शिवाय सासूबाईंशी बोलणं झालं असं ठरलं असतं, ते वेगळंच. मास्तरांनी अदबीने खोकून आणखी दोन फवारे मारले. भिंतीने काही केलं नाही, त्यामुळे सासूबाईंचा सल्ला वाया गेला.

आठवड्याने खालच्या मजल्यावरचे मिस्टर क्राउदर वर आले. ते इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. निवृत्त जहाज-सर्वेक्षक, त्यामुळे पाणी कुठून शिरतं ते शोधायचा त्यांना छंद होता.

"मिस्टर झोंडी, माझ्या छतावर एक डाग आला आहे. त्याचा आकार मादागास्करसारखा आहे."

मास्तर खाली जाऊन डाग बघून आले. "मादागास्कर नाही," ते म्हणाले. "दक्षिणेकडची बाजू फार रुंद आहे. हा श्रीलंका वाटतो."

ही दुरुस्ती क्राउदरांना रुचली नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस आली. नियम चौदा, पोटनियम तीन: पाणी टाकणारं कोणतंही यंत्र लावण्यापूर्वी कमिटीला अर्ज करावा, तीन प्रतींत, आणि प्रत्येक प्रत पोलीस ठाण्यातून प्रमाणित करून आणावी.

तर झोंडी मास्तर, वय एकोणसाठ, कोट-टाय घालून, स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले आणि रांगेत उभे राहून गांजाच्या तीन झाडांचा अर्ज खिडकीतून आत सरकवला. खिडकीतल्या सार्जंटने वाचलं, वर पाहिलं आणि उभा राहिला.

"सर? मी ग्वाला. नववी ब."

मास्तरांना घाम फुटला. ग्वाला. भूगोलात दोनदा नापास.

"इतक्या वर्षांच्या नोकरीत," ग्वाला मोठ्याने वाचत म्हणाला, आणि सगळी रांग ऐकू लागली, "हे सांगायला आपण होऊन आलेला पहिला माणूस बघतोय मी. 'सासूबाईंच्या बोटांकरिता.' सर, झाडांची उंचीसुद्धा लिहिलीय! आणि सरासरी आर्द्रता!"

"शिक्का मार, ग्वाला."

"मारतो की. आधी सांगा सर, दवबिंदू म्हणजे काय? तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही."

मास्तरांनी सांगितलं. रांगेतल्या एका बाईने हात वर करून शंका विचारली. तीसुद्धा मास्तरांनी फेडली. ग्वालाने तिन्ही प्रतींवर शिक्के मारले आणि म्हणाला, "आज कळलं, सर." एकतीस वर्षांत हे वाक्य मास्तरांनी फार वेळा ऐकलेलं नव्हतं. परत येताना ते इतके खुशीत होते की बसथांबा मागे पडला तरी चालतच राहिले.

मधले सहा आठवडे सुखाचे गेले. वाढीच्या वयात साठ टक्के पुरतात. डर्बनची हवा जराशी आवरली की साठ फुकट मिळतात. झाडं मास्तरांच्या छातीला लागली. वर्गप्रमुख तर तंबूच्या छताला टेकला.

मग फुलोरा आला आणि घोडं अडलं. आता हवे पंचेचाळीस, आणि खिडकीबाहेर होते सत्त्याऐंशी. मास्तरांनी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र आणलं. ते रोज बादलीभर पाणी काढायचं आणि शेजारी उभ्या माणसाला ओरडून बोलायला लावायचं. मामचुनू म्हणाली, "आधी पाणी घालायचं यंत्र आणलंत, आता काढायचं आणलंत. दोन्ही समोरासमोर ठेवा ना, त्यांचं ते बघून घेतील." त्यात लोडशेडिंग. दिवे गेले की घड्याळाचा काटा वर चढायचा आणि मास्तरांचा जीव खाली. मिसेस पडायाचींनी तंबूत कच्चे तांदूळ आणि जाडं मीठ यांची भांडी ठेवायला सांगितली. मास्तरांनी नऊ ठेवली. तांदळाला किडे लागले. वारा यावा म्हणून खिडकी उघडली, तर माकडं आत आली. झाडांना त्यांनी हात लावला नाही, एकाने फक्त ते घड्याळाएवढं यंत्र उचललं आणि क्राउदरांच्या गाडीच्या टपावर बसून बराच वेळ वाचलं.

"कोंडलेलं झाड," सासूबाईंनी भिंतीला सांगितलं, "वारा मागतं. खालची पानं काढावीत. पण कोण ऐकतंय."

मास्तर ऐकत होते. रोज ऐकत होते. आता तर ते खोकण्यापूर्वी बोळात जरा थबकून ऐकायचे, मग आत जाऊन तक्ता वाचायचे. तक्त्यात खालच्या पानांचं काही नव्हतं. सासूबाईंचा बाप त्या खोऱ्यात कशाची शेती करत होता, हे त्या घरात कधी कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. मास्तरांनी तर ते कळूनही कळलं नाही असं दाखवायची चौतीस वर्षं सवय केली होती.

एप्रिलच्या मध्यावर तीन दिवस पाऊस कोसळला. पहिल्याच दिवशी कुठलंसं वीजकेंद्र बुडालं आणि वीज गेली ती गेलीच. मामचुनू लग्नाची बोलणी करायला म्सिंगाला गेलेली, आणि तिकडचे रस्ते बंद. घरात मास्तर, सासूबाई आणि मधली भिंत. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खोकून तंबूत शिरले आणि वर्गप्रमुखाच्या सर्वांत जाड शेंड्यावर त्यांना राखाडी लव दिसली. बुरशी.

लग्नाला अडीच महिने. नवं झाड लावायला वेळ नव्हता. कोपऱ्यातली ती अर्धी चटई अशीच अर्धी जाणार, आणि एका बाईने दोन महिने जे केलं त्याच्या बदल्यात आपल्याला एवढंसुद्धा जमलं नाही, या विचाराने त्यांना खरोखरच रडू यायला लागलं. मग ते धावत जाऊन मिसेस पडायाचींना घेऊन आले आणि त्यांना बोळाच्या तोंडाशी स्टुलावर बसवलं.

"मध्यस्थ व्हा," मास्तर म्हणाले. "त्या सांगतील ते मला सांगा. आणि आपल्या मनाचं घालू नका."

सासूबाईंनी भिंतीला सोडून मिसेस पडायाचींना सांगायला सुरुवात केली. मिसेस पडायाचींची झुलू भाषा बाजारापुरती होती, उत्साह मात्र भरपूर.

"त्या म्हणतात, आजारी झाड पूर्ण काढा. तिथेच झटकू नका. पिशवीत घाला."

मास्तरांनी वर्गप्रमुखाचं नाव हजेरीपटावरून कमी केलं.

"त्या म्हणतात, बाकीची दोन आजच कापा. आणि मीठ घाला."

"मीठ मी म्हटलं नाही!" आतून सासूबाई.

"मीठ चांगलं असतं हो, आजी."

"लोणचं घालायचंय का?"

"लिंबूसुद्धा चालेल."

एवढ्यात मिसेस पडायाचींना आठवलं की त्या गॅसवर डाळ ठेवून आल्यात, आणि मध्यस्थ पळाली. बोळात मास्तर राहिले, हातात कात्री, समोर दोन झाडं. कुठून कापायचं ते माहीत नाही. विचारायला माणूस नाही. ते कात्री उघडत होते आणि मिटत होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या. शाल खांद्यावर होती, डोक्यावर नव्हती, आणि त्या सरळ मास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "सरका बाजूला. तीन महिने बघतेय. असा ठार बहिरा मास्तर मी जन्मात पाहिला नाही."

चौतीस वर्षांनंतर हे पहिलं वाक्य. मास्तर सरकले.

मग त्या सांगत गेल्या आणि मास्तर कापत गेले. मोठी पानं आधी. फांद्या अखंड. उलट्या टांगायच्या, पण कुठे? "आमच्याकडे चुलीवरच्या छपराला टांगतात. ऊब हवी. कोरडी ऊब." सगळ्या इमारतीत कोरडी ऊब नव्हती. भिंतींना पाणी सुटलं होतं.

नेमके त्याच वेळी मिस्टर क्राउदर वासाची तक्रार घेऊन दारात आले. त्यांच्या अंगावर मात्र सुका, इस्त्री केल्यासारखा स्वेटर होता. सासूबाईंनी पुढे होऊन त्याची बाही चिमटीत धरून पाहिली. बोटं नीट मिटत नव्हती, तरी.

"याला विचारा, याच्याकडे शेगडी आहे का."

"गॅसचा हीटर आहे," क्राउदर गोंधळून म्हणाले. "कपडे वाळवतो मी त्यावर. पण मिस्टर झोंडी, नियम चौदा..."

सासूबाईंनी त्यांचं इंग्रजी ऐकून घेतलं, आखडलेले दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले आणि झुलूत एवढंच म्हणाल्या, "बाबा रे, माझ्या नातीचं लग्न आहे."

क्राउदरांना भाषा येत नव्हती. ते त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईचेही असेच झाले होते," आणि स्वतः पुढे होऊन फांद्या उचलल्या. नियम चौदा जिथे लिहिला गेला होता त्याच खोलीत, श्रीलंकेच्या बरोबर खाली, आठ दिवस गांजा वाळला. क्राउदर दिवसातून दोनदा वर येऊन दमटपणाचे आकडे सांगायचे. शेवटच्या दिवशी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाळीस," आणि मास्तरांनी त्यांना मिठी मारली. माणूस किती चांगला असतो, हे मास्तरांना त्या वर्षी फार वेळा कळलं, आणि दर वेळी तितकंच नवीन वाटलं.

मलम झालं. हिरवट, दाट, मिसेस पडायाचींच्या कढईत, त्यांच्याच देखरेखीखाली, मीठ न घालता. बोटं सुटली का? सुटली, पण निम्मी. अंगठा आणि पहिली दोन बोटं चालू लागली, बाकीची हट्टाला पेटली. मलमाने सुटली, की मामचुनू रोज संध्याकाळी अर्धा तास चोळत बसायची त्याने, की घरात आता मोकळेपणाने बोलता येत होतं त्याने, हे मास्तर सांगू शकत नव्हते. नोंदी ठेवायचं त्यांनी सोडलं होतं.

चटई मात्र निम्म्या बोटांनी पुरी होईना. शेवटचे दोन हात राहिले. एके दिवशी सासूबाईंनी लव्हाळ्याची जुडी मास्तरांच्या मांडीवर टाकली. "धरा. मी सांगते, तुम्ही ओवा."

"मी?" मास्तर म्हणाले. विणणं हे बायकांचं काम. निवृत्त शिक्षक संघात कळलं तर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"माझी बोटं नाहीत, तुमची आहेत."

मास्तरांनी ओवायला घेतलं. दोरा सुटायचा, कड वाकडी जायची, सासूबाई हातावर चापट मारायच्या. तिसऱ्या दिवशी, मान खाली घालून, गाठ मारता मारता मास्तर म्हणाले, "आई, ते दही. म्सिंगाला. मी त्या दह्यावर जगलो. आभार मानायचे राहिले होते. मानतो."

सासूबाईंनी गाठ चाचपून पाहिली. "आठवण आहे होय!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मास्तर लोक दही खाऊन विसरतात. गाठ सैल आहे, परत मारा." पण त्यांचा हात मास्तरांच्या मनगटावर तसाच राहिला, आणि मास्तरांनी गाठ परत मारायला बराच वेळ लावला.

जुलैत लग्न झालं. नवऱ्याच्या अंगणात भेटी द्यायचा कार्यक्रम सुरू झाला. घोंगड्या झाल्या, टोपल्या झाल्या, शेवटी चटया पसरल्या. नवऱ्याची थोरली आत्या, म्हणजे तिकडची पारखी, वाकून प्रत्येक चटईच्या कडेवरून बोट फिरवत होती. नोमसेबोच्या सासूच्या चटईवर बोट सरसर गेलं, वाहवा करत गेलं, आणि शेवटच्या दोन हातांवर अडखळलं.

"अगं बाई," आत्या मोठ्याने म्हणाली, "इथून पुढे काय झालं? बैल चालून गेला की काय? ही कड कोणी विणली?"

दोन्हीकडच्या दोनशे माना चटईकडे वळल्या. बायकांत हसू पसरायला लागलं. मामचुनू आभाळाकडे बघू लागली. पुरुषांच्या रांगेत झोंडी मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते.

सासूबाई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. "माझ्या लेकाने," त्या म्हणाल्या.

आत्या वाकलेलीच मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला तर चारही मुलीच ना?"

"मुलीच होत्या," सासूबाई म्हणाल्या. "हा उशिरा झाला."